काळप्रवाशाची आठवण बदललीय, हे नुसत्या आवाजातून कसं कळवायचं? (फैजपूर, १९३६)

ठिबकवाला, सावदा

राम राम मंडळी.

माझं सावद्याला ठिबकचं दुकान आहे. नळ्या, ड्रिपर, फिल्टर, व्हेंचुरी, हाच दिवसभराचा संसार. शेतावर माल पोचवायला जाताना पिकअपमध्ये गाण्यांऐवजी श्रुतिका लावतो. ऐकून ऐकून शेवटी व्हायचं तेच झालं, आपणही एक करावी असं डोक्यात शिरलं. फैजपूरचे दोघं, रावेरच्या एक शिक्षिका, माझा मेव्हणा आणि मी, अशी टोळी जमलीय. आठ भाग, वीस-वीस मिनिटांचे. सुरुवातीचे भाग लिहून झाले आणि आता गाडी रुतलीय.

गोष्ट अशी. पुढच्या काळातलं एक खातं माणसांना मागे पाठवतं. काही बदलायला नाही, फक्त ऐकून यायला. तिघांची रवानगी होते डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी गावातल्याच बांबू-चटयांतून सजवलेलं टिळकनगर. आणि इकडे घरोघरी सांगतात तो प्रसंग: झेंडा वर चढवताना अर्ध्यात अडकला, तेव्हा गर्दीतला एक पोरगा खांबावर चढला आणि त्यानं दोरी मोकळी केली. तो पोरगा नेमका कोण, हे दोन माणसांना विचारलंत तर दोन नावं मिळतील. म्हणूनच हा प्रसंग घेतला.

तिघं परत येतात. सुमन, वामन आणि तिसरे 'मास्तर'. प्रत्येकाला झेंड्याचा प्रसंग वेगळा आठवतो, आणि त्यातल्या एकाची तरी आठवण कोणीतरी बदललेली आहे.

अडचण इथे आहे. सिनेमात काय, एकदा टोपी पांढरी दाखवायची, एकदा काळी, प्रेक्षक समजून जातो. आमच्याकडे फक्त कान. मी मेव्हण्याला तिसरा भाग वाचून दाखवला तर तो म्हणाला, "ही सुमन खोटं बोलते का विसरली?" मी म्हटलं, दोन्ही नाही, तिची आठवणच बदललीय. तो म्हणाला, "मग ते मला कळणार कसं?" त्याचं म्हणणं बरोबर आहे. खोटं बोलणं, विसरणं आणि आठवण बदललेली असणं, ही तिन्ही ऐकायला सारखीच लागतात. तिन्ही वेळेला माणूस आधीपेक्षा वेगळं बोलतो, एवढंच ऐकू येतं.

निवेदक घालून 'आता सुमनची स्मृती बदलली होती' असं म्हणायची माझी तयारी नाही. शिक्षिका बाईंचं म्हणणं, बदललेल्या आठवणीला प्रतिध्वनी लावा. ते मला मंदिरातल्या भोंग्यासारखं वाटतं. तिसरा उपाय सुचत नाही.

ज्यांनी नभोवाणीसाठी लिहिलंय किंवा काम केलंय त्यांनी सांगा. आणि कृपा करून 'शेवटी सगळं स्वप्न होतं' असं कोणी सुचवू नका, ते मेव्हण्यानं आधीच सुचवलंय.


जुना_माईक, जळगाव

ठिबकभाऊ, विषय फर्मास आहे.

मी आकाशवाणीच्या श्रुतिकांना बरीच वर्षं आवाज दिलेत, हौशी म्हणूनच. प्रतिध्वनीबाबत तुमच्याशी सहमत. आठवण आली की प्रतिध्वनी, स्वप्न पडलं की सतार, भूत आलं की कोल्हेकुई, हे आम्ही इतकं वाजवलंय की श्रोत्याला त्याचा अर्थ पाठ झालाय. प्रतिध्वनी ऐकला की तो सावध होतो: 'हं, हे खरं नाही.' तुम्हाला नेमकं तेच नकोय. बदललेली आठवण त्या माणसाला शंभर टक्के खरी वाटते ना? मग ती खऱ्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आली पाहिजे.

मी काय करीन ते सांगतो. झेंड्याचा प्रसंग पहिल्या भागात पूर्ण, साधा वाजवा. सुमन खांबापासून लांब, बायकांच्या घोळक्यात. म्हणजे माईकच्या अगदी जवळ दोन बायकांची कुजबुज, बांगड्या, कडेवरचं पोर रडतंय, आणि लांबून खांबावरच्या कप्पीची कुरकुर. चौथ्या भागात तीच सुमन तोच प्रसंग सांगते, आपण पुन्हा तो ऐकतो, संवाद शब्दन् शब्द तेच. फक्त आता कप्पी जवळ आहे आणि बायका लांब. ती आता गर्दीच्या पुढे उभी आहे. कोणी काही बोलायचं नाही. ज्याचा कान तयार आहे त्याला खुट्ट होईल. बाकीच्यांना पुढे होईल.

माईकपासूनचं अंतर हे तुमचं कॅमेऱ्याचं काम करतं. आवाज मोठा-लहान करून हे साधत नाही बरं का. नटाला खरंच चार पावलं मागे जाऊन बोलायला लावा. लांबून ओरडणाऱ्या माणसाचा गळा वेगळा लागतो. यंत्रावर आवाज कमी केला तर तो जवळचाच माणूस हळू बोलतोय असं वाटतं.

आणि एक आवाज असा ठेवा जो आठही भागांत कधीच बदलणार नाही. नाहीतर श्रोता म्हणेल, इथे काहीही होऊ शकतं, मग मी लक्ष कशाला देऊ? चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख आहे, माहीत असेल. त्या काळचं घटिकापात्र घ्या: बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं वाटीसारखं भांडं पाण्यावर ठेवायचं, चोवीस मिनिटांत ते भरून बुडतं. तुमच्या खात्यात प्रवासाची वेळ मोजायला तेच ठेवा. आवाज करायला सोपा आहे आणि कानात राहतो.

रेकॉर्डिंग शेतात करणार असाल तर विहिरीवरच्या मोटारींचं बघा. शेतीची लाइट रात्री आली की चहूकडून घूं सुरू होतं. १९३६ तिथेच संपलं.


अमळनेरची_माधुरी

मी मानसशास्त्र शिकवते, लिहिणारी नाही, त्यामुळे माईकबद्दल बोलत नाही. पण तुमच्या कथेत एक जागा मोकळी आहे. आठवण बदलली कोणी आणि कशानं? तुम्ही लिहिलंय 'कोणीतरी'. यंत्रानं? औषधानं? माझा आग्रह आहे की प्रश्नानं बदलू दे.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी चित्रफीत दाखवली. नंतर वेगाचा अंदाज विचारला. काहींना विचारलं, गाड्या 'आपटल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना, गाड्या एकमेकींवर 'आदळून चुराडा झाल्या' तेव्हा किती होता? आठवड्यानं सगळ्यांना पुन्हा बोलावलं आणि विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रफितीत काच नव्हतीच. 'आपटल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं, 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं.

आता तुमचं खातं बघा. माणूस काळातून परत आला की त्याची जबानी घेणार की नाही? तिथेच सगळं होतं. अधिकारी टेबलापलीकडे बसून सभ्यपणे विचारतो आणि विचारता विचारता एक नसलेली गोष्ट प्रश्नात ठेवून देतो. झेंड्याचा प्रसंग तुम्ही पहिल्या भागात ऐकवलेला आहे, त्यात टोपीचा उल्लेख नाही. अधिकारी विचारतो, "वर चढलेल्या पोराची टोपी खाली पडली, ती कोणी उचलली?" सुमन म्हणते, लक्ष नव्हतं. झालं. टोपी पडली हे दोघांनी मान्य केलं. दोन भागांनंतर ती टोपी सुमनच्या आठवणीत आपोआप येईल, रंगासकट.

गंमत अशी की तुमच्या श्रोत्याच्या आठवणीतही येईल. हे कथेत दाखवायची गरजच नाही, तुम्ही ते त्याच्यावर करताय. म्हणून हा विषय श्रुतिकेला सिनेमापेक्षा जास्त शोभतो. पडद्यावर टोपी दिसली नाही हे डोळ्याला माहीत असतं. ऐकणाऱ्यानं मात्र अख्खा प्रसंग मनात स्वतःच रंगवलेला असतो, त्यात एक टोपी सहज खपते.

आणखी एक धागा, हवा असेल तर. २००० साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा पक्की करावी लागते. ती क्रिया तेव्हा रोखली तर भीती जाते. म्हणजे न आठवलेली आठवण त्या मानानं सुरक्षित. तुमचे मास्तर जर कमी बोलणारे असतील, जबानीत 'आठवत नाही' म्हणून उठून जाणारे, तर त्यांचीच आठवण सगळ्यांत शाबूत राहील. आणि खात्याला तेच सगळ्यांत संशयास्पद वाटतील.

खलनायक लागतोच असं नाही. अधिकाऱ्याला स्वतःलाच वाटत असेल की टोपी होती. आधीच्या कोणाच्या जबानीतून ती त्याच्याकडे आलेली असेल.


लोहमार्ग, भुसावळ

सगळे आठवणीच्या मागे लागलेत, जरा घड्याळाकडे बघा.

१९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. पण मुंबई शहरानं आपली स्थानिक वेळ सोडली नाही, ती १९५५ पर्यंत चालली. फरक ३९ मिनिटांचा, मुंबई मागे. म्हणजे १९३६ साली मुंबईहून निघालेला माणूस मुंबईच्या वेळेचं घड्याळ खिशात ठेवून सावदा स्टेशनात उतरला, तर फलाटावरच्या घड्याळाशी त्याचं जमणार नाही.

आता वामन सांगतो झेंडा साडेआठला अडकला, मास्तर सांगतात आठला दहा मिनिटं कमी होती. खातं म्हणेल, एकाची आठवण बदललीय. प्रत्यक्षात दोघंही बरोबर! मास्तरांनी वेळ विचारली मुंबईच्या एका स्वयंसेवकाला, वामननं पाहिली स्टेशनमास्तरच्या घड्याळात. सगळेच फरक कारस्थानातून आले तर श्रोता दुसऱ्या भागातच ओळखतो. एक फरक असा ठेवा की ज्याच्यामागे काहीच काळंबेरं नाही.

आणखी पुढे जायचं असेल तर महायुद्ध आहे. सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर घड्याळं तासभर पुढे होती. तुमचा एखादा प्रवासी चुकून १९४३ ला उतरला तर त्याला सूर्य उशिरा उगवताना दिसेल. हे मी फुकट देतोय, पुढच्या मालिकेला वापरा.

इंजिनाचा आवाज वाफेचा घ्या. त्या काळी वीज इगतपुरीपर्यंत होती, भुसावळला नाही. आजकाल मोबाइलवरून सापडेल तो भोंगा उचलतात आणि चिपळ्या वाजाव्यात तिथे डीजे वाजतो.


धुळ्यानी_पोर

दोन गोष्टी.

एक, भाषा. फैजपूर-यावलकडचा पोरगा खांबावरून लेवा बोलीत ओरडेल: "थांबा, मले दिसतं!" पहिल्या भागात तसंच ठेवा. वामन आमच्याकडचा, धुळ्याचा करा. त्याची आठवण बदलली की त्याच्या आठवणीतला तोच पोरगा अहिराणीत ओरडतो: "थांबा, माले दिसस!" पुण्यामुंबईच्या श्रोत्याला दोन्ही 'खान्देशी' वाटेल आणि तो पुढे जाईल. आपल्या माणसाचे कान मात्र टवकारतील. एक चावी फक्त आपल्यासाठी.

दोन, जरा आगाऊ कल्पना आहे. पाचवा भाग आल्यावर पहिल्या भागाची ऑडिओ फाइलच गुपचूप बदलून टाका. बहुतेक ठिकाणी जुन्या भागाला नवी फाइल लावता येते. ज्यांनी आधी डाउनलोड केलंय त्यांच्या फोनात जुनीच राहते. मग जुने श्रोते म्हणतील टोपी नव्हती, नवे म्हणतील होती, मी आत्ता ऐकली. दोघं भांडतील आणि दोघांकडे पुरावा असेल! आठवण बदलल्याची गोष्ट सांगण्यापेक्षा करूनच टाकायची.


जुना_माईक, जळगाव

पोरी, कल्पना भन्नाट आहे आणि मी तिला कडाडून विरोध करतो.

आमच्या वेळी नभोवाणीवर एकदा गेलं ते गेलं. श्रोता मागे जाऊन ऐकू शकत नव्हता, त्यामुळे आम्ही काहीही पचवलं. आता बोटानं सरकवून मागे जाता येतं, ही या माध्यमाची नवी ताकद आहे. माधुरीताईंची टोपी ऐकून ज्याला शंका आली तो मागे जाणार, पहिला भाग पुन्हा ऐकणार, आणि त्याला टोपी सापडणार नाही. त्या क्षणी त्याला कळतं की सुमनचंच नाही, आपलंही झालं. हे बक्षीस त्याला मिळालं पाहिजे. फाइल बदललीत तर तो मागे जाईल, टोपी सापडेल, आणि 'हां, होती की' म्हणून गप्प बसेल. सगळा खेळ वाया.

बोलीचं मात्र एकदम पटलं.


धुळ्यानी_पोर

काका, पण मागे जाऊन ऐकतो कोण? शंभरात एखादा.


जुना_माईक, जळगाव

त्या एकासाठीच लिहायचं असतं.


ठिबकवाला, सावदा

अरे बापरे, दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून सगळं वाचलं. त्याला फिल्टरची जाळी हवी होती, त्यानंही दोन मुद्दे मांडले.

मेव्हण्याचा आणि माझा रात्री वाद झाला. तो म्हणतो खलनायक हवाच, त्याशिवाय आठ भाग कोण ऐकेल. मी माधुरीताईंच्या बाजूचा. अधिकाऱ्याला काहीच माहीत नाही, तो आपलं काम चोख करतोय, आणि तरी त्याच्या टेबलावरून उठणारा प्रत्येक माणूस थोडा बदलून उठतोय. मला हे जास्त भीतीचं वाटतं. तडजोड म्हणून मेव्हण्याला अधिकाऱ्याचं काम दिलंय. त्याचा आवाज इतका गोड आहे की कोणाला संशय येणार नाही.

जबानीचा भाग असा लिहिलाय, बघा:

अधिकारी: पाणी घ्या आधी. प्रवास कसा झाला?
सुमन: कान दुखताहेत.
अधिकारी: होतं तसं, उद्यापर्यंत जाईल. झेंडा अडकला तेव्हा तुम्ही कुठे होतात?
सुमन: बायकांमध्ये. खांब बराच लांब होता.
अधिकारी: बरं. पोरगा वर गेला, त्याची टोपी खाली आली, ती कोणी उचलली?
सुमन: लक्ष नव्हतं माझं. माझ्या शेजारचं पोर रडत होतं.
अधिकारी: हरकत नाही. रडणारं पोर मुलगा होता की मुलगी?

आणि सहाव्या भागात सुमन आपल्या बहिणीला सांगते: "एका म्हातारबाबांनी टोपी उचलली, झटकली आणि उपरण्यात गुंडाळून ठेवली. मी अगदी समोर होते." इथे माईककाकांची कप्पी जवळून.

वामनचा धुळेकर झाला. फाइल बदलायची नाही असं तूर्त ठरलंय, पण आमच्यातले फैजपूरवाले दोघं पोरीच्या बाजूचे आहेत, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. ३९ मिनिटांचा फरक तिसऱ्या भागात घातला आणि त्याचं उत्तर सातव्यापर्यंत देणार नाही.

लोहमार्गदादा, सावदा स्टेशनावर गाडी यायच्या आधी वाजते ती घंटा कशी मिळवू? मोबाइलवर मिळतात त्या सगळ्या देवळातल्या घंटा वाटतात.


अमळनेरची_माधुरी

जबानी छान उतरलीय. 'टोपी खाली आली' हे 'पडली'पेक्षा चांगलं, त्यावर जोर नाही. आणि लगेच दुसरा प्रश्न आला हे फार महत्त्वाचं, त्यामुळे टोपीवर कोणी थांबत नाही. एकच सुचवते: 'लक्ष नव्हतं माझं' हे सुमननं अडखळून म्हणू नये. अडखळली की श्रोत्याला वाटेल ती काहीतरी लपवतेय. पटकन, सहज म्हणू द्या, पाणी पिता पिता.


लोहमार्ग, भुसावळ

घंटा कुठली, रुळाचा तुकडा टांगलेला असायचा आणि त्यावर लोखंडानं ठोकायचे. तुमच्या टोळीत शिक्षिका आहेत ना? बऱ्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत अजून तसाच तुकडा टांगलेला असतो. सुट्टीच्या दिवशी जा, पोरांचा गोंगाट नको. माईक दहा-बारा पावलं लांब ठेवा, जवळ ठेवलात तर आवाज फाटेल. आणि ठोकणाऱ्याला सांगा, एकसारखं ठोकू नको. आमचा पॉइंट्समन कधीच एकसारखं ठोकत नसे.